तेव्हापासून : गाडीचं पाणी, उस्ताद आणि निदानाचा इतिहास

गाडी गॅरेजमधून दुरुस्त होऊन घरी येते. दोन-तीन दिवस बरी चालते. मग एखाद्या चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागतो, बॉनेटमधून वाफ येते किंवा सकाळी टाकीतलं पाणी दोन बोटं खाली गेलेलं दिसतं. गाडीमालकाच्या तोंडून एकच वाक्य निघतं : "मिस्त्रीनं हात लावला, तेव्हापासून हे सुरू झालंय."

या वाक्यातला 'तेव्हापासून' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, म्हणजे ती तिच्यामुळेच घडली, असं आपण चटकन धरून चालतो. इतिहासात या घाईनं किती माणसांवर आणि किती समाजांवर खोटे आळ आले, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. गॅरेजमध्ये तीच घाई रोज घडते. तिथे पणाला लागतो एका कारागिराचा रोजगार, त्याची इज्जत आणि गाडीमालकाचे हजारो रुपये. म्हणून आज गाडीच्या पाण्याचा, म्हणजे ज्याला आता सगळे 'कूलंट' म्हणतात त्याचा इतिहास सांगायचा आहे, आणि त्याच्या आजाराचं निदान कसं करतात तेही.

इंजिनाला पाणी का लागतं?

पेट्रोल-डिझेलच्या इंजिनात सिलिंडरच्या आत ज्वाळेचं तापमान २००० अंश सेल्सियसच्या वर जातं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. म्हणजे आतली उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर इंजिन स्वतःलाच खाऊन टाकेल. ढोबळ हिशेब असा की इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरावाटे जातो आणि उरलेला जवळपास तेवढाच भाग पाण्याला उचलावा लागतो. गाडी पळवायला जेवढी ताकद खर्च होते, जवळजवळ तेवढीच उष्णता रेडिएटर हवेत सोडत असतो.

१८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझनं तीन चाकी मोटारीचं पेटंट घेतलं, तेव्हा रेडिएटर नव्हताच. इंजिनाभोवती पाणी होतं, ते उकळून वाफ होऊन उडून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटरवर माहेरी निघाली. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास. या प्रवासात तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. आपल्याकडे घाट चढून आल्यावर बॉनेट उघडून, डबा घेऊन उभे राहणारे ड्रायव्हर एका पिढीनं पाहिले आहेत. त्या परंपरेची आद्य पुरुष एक बाईच आहे!

मग विल्हेल्म मायबाखनं १९०० साली मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. तो '३५ अश्वशक्ती'च्या पहिल्या मर्सिडीज गाडीत बसला. त्यात सहा मिलिमीटर चौरस अशा ८०७० बारीक नळ्या होत्या, त्यांतून हवा जायची आणि भोवती पाणी फिरायचं. नऊ लिटर पाण्यात काम भागू लागलं. आजच्या गाडीचा रेडिएटर त्याच कल्पनेचा नातू आहे.

फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. सुरुवातीच्या सुमारे २५०० गाड्यांत पाण्याचा पंप होता, पण नंतर फोर्डनं तो काढून टाकला. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरतं, याच तत्त्वावर गाडी चालवली. चुलीवरच्या पातेल्यात पाणी तापताना जो खेळ दिसतो, तोच. पंप नसल्यानं बिघाड कमी, पण पाण्याची पातळी थोडी जरी खाली गेली तरी फिरणं बंद. म्हणजे पातळी पाहण्याची सवय ही मॉडेल टीच्या काळापासूनची शिस्त आहे.

ग्लायकॉल आलं कुठून?

थंड देशांत दुसरंच संकट होतं. रात्री पाणी गोठलं की ते फुगतं आणि इंजिनाचा लोखंडी ब्लॉक तडकतो. लोक पाण्यात अल्कोहोल घालायचे, ते उडून जायचं. ग्लिसरीन घालून पाहिलं. शेवटी जे टिकलं, ते इथिलीन ग्लायकॉल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झनं ते १८५६ साली प्रयोगशाळेत तयार केलं होतं, पण मोटारीत यायला त्याला सत्तर वर्षं लागली. १९२७ साली अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावानं ते बाजारात आलं.

पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं मिसळलं की मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. शिवाय ते १०० ऐवजी १०७ अंशांच्या आसपास उकळतं. त्यावर दाबाची टोपी बसवली, म्हणजे कुकरचं झाकण लावल्यासारखं, की उकळबिंदू १२० च्या पुढे जातो. ही टोपी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि महायुद्धानंतर मोटारींमध्ये रुळली.

विमानांनी या विद्येला मोठा हात दिला. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचं रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन सुरुवातीला जवळपास शुद्ध ग्लायकॉलवर चालायचं, कारण ते जास्त तापू शकतं आणि रेडिएटर लहान ठेवता येतो. पुढे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असं दाबाखालचं मिश्रण आलं. कारण साधं होतं. उष्णता वाहून नेण्यात पाण्यासारखा हमाल नाही.

इथे आपल्याकडचा एक गैरसमज दूर करायला हवा. 'जास्त कूलंट घातलं म्हणजे इंजिन जास्त थंड राहतं' असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात नुसतं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता उचलतं. त्याचा उपयोग आहे तो गोठण्यापासून बचाव, उकळबिंदू वाढवणं आणि त्यात मिसळलेल्या रसायनांमुळे गंज रोखणं यासाठी. म्हणून डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळायचं. काही डबे तयार मिश्रणाचे असतात, त्यांत पाणी घालायचंच नसतं. काही घट्ट अर्काचे असतात, त्यांत पाणी घालावंच लागतं.

महाराष्ट्रातलं पाणी

आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून कित्येक दशकं कूलंट हा शब्दच गॅरेजात नव्हता. फक्त पाणी. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, कुर्ल्यात तिचा कारखाना उभा राहिला आणि फियाट, पुढे पद्मिनी या नावानं तीच गाडी मुंबईची टॅक्सी बनली. पद्मिनी आणि अॅम्बॅसिडर या दोन गाड्यांनी महाराष्ट्रातल्या मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. पंखा पट्ट्यावर फिरायचा, इंजिन चालू तर पंखा चालू. बिघाड डोळ्यांना दिसायचा : पट्टा तुटला, नळी फाटली, रेडिएटर चोंदला.

बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलं जायचं. ज्या घरात चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो, त्या घरच्या गाडीच्या रेडिएटरलाही तोच थर बसतो. लोखंडी ब्लॉकच्या गंजानं पाणी विटकरी व्हायचं. मग गाडी जायची रेडिएटरवाल्याकडे. तो पितळी टाकी झाळ सोडवून उघडायचा, नळ्यांतून सळ्या घालून क्षार काढायचा, पुन्हा झाळायचा आणि हौदात बुडवून हवा भरायचा. बुडबुडा आला की तिथे खूण. हा एक स्वतंत्र हुन्नर होता आणि आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी घरं त्यावर चालली. अॅल्युमिनियमचे गाभे आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर आले आणि झाळकामाला जागाच उरली नाही. गळका रेडिएटर आता बदलतात. त्या दुकानांच्या पाट्या कुठे कुठे अजून दिसतात, आत मात्र दुसरं काहीतरी विकलं जातं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मिस्त्रीच्या डोळ्यांपुढचं चित्र बदललं. इंजिन आडवं बसलेलं, त्यामुळे पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येऊच शकत नव्हता. पंखा विजेचा झाला. तो गरम झाल्यावरच चालू होतो. म्हणजे आता पंखा बंद दिसला तर तो बिघाड आहे की अजून वेळ आली नाही, हे समजायला डोळ्यांसोबत विचारही लागला. इंजिनाच्या डोक्याचा भाग अॅल्युमिनियमचा होत गेला. एकदा कडक तापलं की हेड वाकडं होतं आणि गॅस्केट उडतं. जुन्या लोखंडी इंजिनानं माफ केलेली गोष्ट नवं इंजिन माफ करत नाही.

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला पद्मिनीचं उत्पादन थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली. त्या दिवशी बातम्यांत गाडीबद्दल पुष्कळ लिहून आलं. तिला चाळीस वर्षं पाणी पाजणाऱ्या हातांबद्दल फारसं आलं नाही.

नब्ज आणि कारूरा

मराठीत आपण 'निदान' म्हणतो. संस्कृतात या शब्दाचा अर्थ मूळ कारण. उर्दूत निदानाला 'तशखीस' म्हणतात. हा शब्द 'शख्स', म्हणजे व्यक्ती, याच अरबी धातूतला. तशखीस म्हणजे आजाराला त्याची ओळख देणं, गर्दीतून नेमका तोच माणूस ओळखावा तसं. वर्गात हा शब्द शिकवताना मी मुलांना गॅरेजचंच उदाहरण देतो. 'गाडी तापते' ही तक्रार झाली. ती का तापते, कधी तापते, कुठे तापते, हे कळलं की तशखीस झाली.

युनानी हकीम रोग्याची नब्ज पाहायचे आणि कारूरा, म्हणजे लघवीची बाटली, उजेडात धरून रंग, वास आणि तळाशी बसलेला गाळ तपासायचे. चांगला मिस्त्री कूलंटच्या टाकीशी तेच करतो. रंग विटकरी झालाय का? म्हणजे गंज. वर तेलाचा तवंग आहे का? म्हणजे तेल आणि पाण्याच्या वाटा कुठेतरी एक झाल्यात. चिखलासारखा गाळ आहे का? म्हणजे बहुधा दोन जातींची कूलंटं मिसळली गेलीत.

या मिसळण्याचाही इतिहास आहे. जुन्या हिरव्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट अशी गंजरोधक द्रव्यं असत. १९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर आधारलेली, दीर्घकाळ टिकणारी कूलंटं आली. जनरल मोटर्सनं १९९५ साली 'डेक्सकूल' हे नारिंगी कूलंट आणलं. त्यावरून पुढे अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावे केले आणि कंपनीला तडजोड करावी लागली. युरोपात फोक्सवॅगनच्या जुन्या निळ्या-हिरव्या कूलंटमध्ये नवं लाल मिसळलं की तपकिरी गाळ व्हायचा. धडा असा की रंग ही जात नव्हे. रंग कंपनी हवा तो घालते. डब्यावरचा मानकाचा क्रमांक आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांक जुळतो का, ते पाहायचं. दुरुस्तीनंतर गाडी घेताना 'कोणतं कूलंट घातलं?' एवढा एक प्रश्न विचारून बिलावर लिहून घ्यावं.

दुरुस्तीनंतरचा ताप : तीन कारणं

आता मूळ प्रश्नाकडे. दुरुस्तीनंतर गाडी तापली किंवा पाणी घटलं, तर कारण तीनपैकी एक असतं. पहिलं, दुरुस्तीत काहीतरी राहिलं. दुसरं, आजार आधीच होता, दुरुस्तीनं तो उघडा पडला. तिसरं, दोन्हींचा संबंध नाही, केवळ वेळ जुळली. या तिन्हींना आपण 'तेव्हापासून' या एकाच पोत्यात भरतो.

माझ्या जुन्या गाडीचं उदाहरण सांगतो. एका गॅरेजात पाण्याचा पंप बदलून घेतला. चौथ्या दिवशी घाटात काटा वर गेला, गाडी सपाटीला आल्यावर खाली आला. डॅशबोर्डच्या मागून पाणी गुळगुळल्यासारखा आवाज येई. मी ती आमच्या भागातल्या एका जुन्या उस्तादांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. चढावर तापते की ट्रॅफिकमध्ये? हीटर लावला तर हवा गरम येते की थंड? पाणी किती दिवसांत किती घटलं? मी हीटर लावून पाहिला. काटा निम्म्यावर आणि हवा थंडगार.

"मास्टरसाब, अंदर हवा बैठी है," ते म्हणाले. "पंप अच्छा है, नया है. उसको बदनाम मत करो."

पंप बदलताना सगळं पाणी काढावं लागतं. पुन्हा भरताना हवा आत अडकते. जिथे हवा, तिथे पाणी नाही, आणि पाणी फिरत नाही. उस्तादांनी गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली, थंड इंजिनाची टोपी उघडून पाणी भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, हवा काढायचा स्क्रू सैल केला आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला तेव्हाच त्यांनी टोपी लावली. सुमारे अर्धा लिटर कूलंट आणखी आत गेलं.

पण आठवड्यानं पाणी पुन्हा थोडं घटलं. या वेळी त्यांनी दाबाचा पंप लावून बघितला. नळ्या ठीक, रेडिएटर ठीक. मग टोपी तपासली. तिचं रबर कडक होऊन चिरलं होतं, दाब धरतच नव्हतं. जुन्या पंपातून आधीपासून गळत असल्यानं दाब तयारच होत नव्हता, म्हणून टोपीचं दुखणं कधी दिसलं नव्हतं. पंप नवा झाला, दाब पूर्ण आला आणि साखळीतली पुढची कच्ची कडी उघडी पडली. पहिला दोष दुरुस्तीतला, दुसरा जुना. दोन्ही एकाच माणसाच्या माथी मारणं सोपं होतं, पण खरं नव्हतं.

लक्षणं वाचायची कशी?

उस्तादांकडून आणि थोडंफार वाचून जे मला समजलं, ते इथे क्रमानं देतो. मिस्त्रीला शिकवायला नव्हे, त्याच्याशी नीट बोलता यावं म्हणून.

ट्रॅफिकमध्ये तापते, पण हायवेवर ठीक राहते : संशय पंख्यावर. दुरुस्तीत पंख्याची किंवा सेन्सरची वायर जोडायची राहिली आहे का, हे आधी पाहावं. हायवेवर वाऱ्यानं काम भागतं, गर्दीत पंखाच लागतो.

हायवेवर किंवा चढावर तापते, शहरात ठीक : संशय पाण्याच्या वाहण्यावर. रेडिएटर चोंदलेला, खालची नळी आत दबत असलेली, किंवा पंप कमी पाणी ढकलतोय.

वरची नळी कडक गरम आणि खालची गारच : थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा उलटा बसवला आहे. थर्मोस्टॅटच्या आत मेण असतं, ते ठरलेल्या तापमानाला वितळून फुगतं आणि झडप उघडतं. 'आपल्या देशात थर्मोस्टॅटची गरजच नाही' म्हणून तो काढून टाकणारे आजही भेटतात. मग इंजिन हवं तेवढं तापत नाही, इंधन जास्त खातं आणि लवकर झिजतं.

काटा एकदम वर, एकदम खाली, हीटर थंड, पाण्याचा गुळगुळ आवाज : अडकलेली हवा. इथे एक धोका लक्षात ठेवावा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरं बोलतो. पाणी फार खाली गेलं की सेन्सर हवेत लटकतो आणि इंजिन जळत असताना काटा मात्र 'सगळं ठीक' दाखवतो.

दुरुस्तीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरून थांबली : हे बहुतेकदा साहजिक आहे, आतली उरलेली हवा निघते. ती रोज उतरत राहिली तर गळती शोधावी. बाहेरची गळती खूण सोडते : नळीच्या क्लॅम्पजवळ वाळलेला पांढरा किंवा रंगीत खरपूस थर, पंपाखालच्या छोट्या भोकातून ओघळ, गाडीत पायाखालचा गालिचा ओला आणि गोडसर वास.

बाहेर कुठेच खूण नाही आणि पाणी मात्र जातंय : मग आतली गळती. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर, तेलाच्या टोपीखाली दुधाळ साय, इंजिन सुरू करताच टाकीत सतत बुडबुडे. गॅस्केटची खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे : टाकीवरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. तिच्यात जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा होतो. हेड खोलण्याचा खर्च सांगण्याआधी मिस्त्रीनं ही चाचणी केली का, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

आणि एक नियम, ज्याला अपवाद नाही : गरम इंजिनाची टोपी उघडू नये. आत पाणी १२० अंशांवर दाबात कोंडलेलं असतं. झाकण सैल होताच त्याची क्षणात वाफ होते आणि तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणंही तसंच घातक, धातू तडकतो. गाडी बाजूला घ्यावी, बंद करावी, अर्धा-पाऊण तास थांबावं. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय आहे. गावापर्यंत पोहोचवायला तो ठीक, पण तीच हळद हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

गोड विष

कूलंटबद्दल आणखी एक गोष्ट घराघरांत सांगायला हवी. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आहे आणि विषारी आहे, ते मूत्रपिंडं निकामी करतं. त्याचा भाऊबंद डायइथिलीन ग्लायकॉल. १९३७ साली अमेरिकेत एका औषधाच्या पातळ मिश्रणात ते वापरलं गेलं आणि शंभराहून अधिक लोक मेले. त्यातूनच १९३८ चा तिथला औषधविषयक कायदा आला. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिल्यानं चौदा रुग्ण दगावले, त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली. त्यांनी मृत्यूच्या कारणापासून मागे मागे जात, खरेदी, तपासणी आणि मंजुरीची सगळी साखळी उघडी केली. निदान कसं असावं, याचा तो महाराष्ट्रातला मोठा दाखला आहे.

आपल्या घरात एवढं तरी करावं : उरलेलं कूलंट थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नये. रंग सरबतासारखा, चव गोड आणि घरात लहान मुलं. गॅरेजमध्ये काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा जमिनीवर सोडू नये. मांजर-कुत्री ते चाटतात आणि मरतात.

उस्ताद, शागीर्द आणि कागद

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे की मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात मोठ्या प्रमाणावर आहेत आणि ज्या मोजक्या व्यवसायांत ते एकवटले आहेत, त्यांत वाहनांची दुरुस्ती हा एक. आपल्याला हे अहवालाआधीच माहीत होतं. माझ्या वर्गातली काही मुलं दहावीनंतर कुठे जातात, ते मी दरवर्षी पाहतो. पाने पुसण्यापासून सुरुवात, मग चाकं खोलणं, मग पाच-सात वर्षांनी इंजिनाला हात. उस्ताद-शागीर्दाची ही शाळा खरी शाळा आहे. तिच्यात कानानं ऐकायला, बोटांनी ओळखायला आणि नाकानं हुंगायला शिकवतात. फक्त तिचा कागद मिळत नाही.

आता गाड्या बोलू लागल्या आहेत. स्कॅनर लावला की पी ०१२८ असा काहीतरी आकडा येतो, त्याचा अर्थ इंजिन हवं तेवढं तापत नाही. हा आकडा तक्रार सांगतो. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, पाणी कमी आहे की सेन्सर खोटं बोलतोय, हे माणसालाच शोधावं लागतं. विजेच्या गाड्या आल्या म्हणून ही विद्या संपणार, असंही नाही. त्यांच्या बॅटरीलाही थंड ठेवावं लागतं आणि बहुतेकींत त्यासाठी कूलंटच फिरतं. पण तिथे हात घालायला कंपनीचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं, आणि आपला शागीर्द तिथेच दारात अडतो.

म्हणून शिक्षक या नात्यानं माझी विनंती आहे. गॅरेजात काम करणाऱ्या मुलाला दहावी पूर्ण करू द्या, आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अर्ज भरू द्या. जे आधीच हुन्नर शिकलेत, त्यांच्यासाठी पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या कौशल्याला मान्यता देण्याची तरतूद आहे, तिची चौकशी करा. उस्तादांनी प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी : तारीख, तक्रार, काय बदललं, कोणतं कूलंट किती घातलं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण लिहा. पुढच्या वेळी कुणी 'तेव्हापासून' म्हणत आलं, तर वही उघडून दाखवता येईल.

आणि गाडीमालकांनी आरोप करण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं घेऊन जावं : केव्हा तापते, हीटर कसा चालतो, पाणी किती घटतं, कोणतं कूलंट घातलंय. कधी चूक मिस्त्रीचीच निघेल, तेव्हा ती स्पष्ट सांगावी आणि दुरुस्त करून घ्यावी. कधी ती पाच वर्षांच्या जुन्या रबराची निघेल. दोन्ही वेळा सांगणाऱ्याकडे पुरावा असेल, आणि ऐकणाऱ्याला आपली इज्जत राखून ऐकता येईल.